हवेतला टाका

जर्मन विणकामाचा कोणताही नमुना उघडा, ‘माशे’ हा शब्द ओळीओळीला भेटतो. सुईवर चढलेला धाग्याचा फास म्हणजे माशे आणि मासे पकडायच्या जाळ्यातलं एकेक भोक, तेही माशेच. धागा आणि त्याने वेढलेली पोकळी एकाच शब्दात नांदतात. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती तारेची जाळी, ‘माशेनड्राट’, याच घराण्यातली. शिवणातला टाका मात्र वेगळा, ‘श्टिश’. आपण दोन्हींना टाकाच म्हणतो. जर्मन नजर इथे चोख आहे. श्टिश पडतो तो तयार कापडावर, माशेतून कापडच जन्माला येतं.

खरी बहार क्रोशात आहे. सुरुवातीला खाली आधीची ओळ नसते, सुई कशात रुतत नाही. एका फासातून दुसरा ओढायचा, दुसऱ्यातून तिसरा. यातल्या प्रत्येकाचं नाव ‘लुफ्टमाशे’, हवेतला टाका. आपण साखळी म्हणतो ते तयार झालेला आकार पाहून. जर्मन शब्द सांगतो, टाका कशाच्या आधारावर आहे. पुढे लेस विणताना नुसत्या साखळीने मोकळी जागा ओलांडायची असते, तिथे तर ती हवाच नक्षीचा भाग होते. या साऱ्या शब्दसंग्रहात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हाच.

‘क्रेब्समाशे’ म्हणजे खेकड्याचा टाका. उजव्या हाताने विणणारी एरवी उजवीकडून डावीकडे जाते. हा टाका उलट दिशेने, मागे सरकत घालायचा, म्हणजे काठाला पिळाची सुरेख कड येते. हाताची चालच नावात उतरली आहे. टोकेरी काठाला ‘मॉइझेत्सेनशन’ म्हणतात, उंदराचे इवलेसे दात. गोड आहे, पण जरा लाडिक. पायमोज्याचा एक फास सुटला की खालचे भराभर उसवत जातात, ती ‘लाउफमाशे’, पळता टाका.

क्रोशातल्या ज्या उंच टाक्याला आपण खांब म्हणतो, त्याला जर्मनमध्ये ‘श्टेबशन’, छोटी काठी म्हणतात. दोन्हीकडच्या विणणाऱ्यांना तीच उभी रेघ दिसली. त्याहून बुटक्या, सुईला आधी वेढा न देता घातलेल्या टाक्याला मात्र जर्मन भाषा ‘फेस्टे माशे’, म्हणजे घट्ट टाका, एवढंच म्हणते. आपल्याकडे त्याला मुका खांब म्हणतात. इथे मराठी निःसंशय सरस आहे.