कोरियांचं आकाश, बेलापूरचं अंगण

आता कांचनजंगाकडे येऊ. मुंबईतली ही २८ मजली इमारत १९८३ची. मुंबईचा पेच काय आहे बघा: वारा आणि समुद्र पश्चिमेला, पण दुपारचं ऊन आणि पावसाची झड, तीही तिकडूनच. जुन्या बंगल्यांनी घराभोवती व्हरांडा फिरवून हा पेच सोडवला होता. चार्ल्स कोरियांनी तोच व्हरांडा उंच नेला, इमारतीच्या कोपऱ्यांत दोन मजली उंचीच्या गच्च्या कोरल्या. देखणं उत्तर आहे, वादच नाही. पण घरं किती? ३२.

म्हणून त्यांची खरी परीक्षा मला बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये दिसते. इथे प्लॉट ४५ ते ७५ चौरस मीटरचे, सात-सात घरं एका चौकाभोवती. उष्ण हवेत उघडं अंगण ही खोलीच, हा कोरियांचा आवडता मुद्दा. तो इथे बेताच्या मिळकतीच्या घरांनाही मिळाला. शिवाय शेजाऱ्याशी सामाईक भिंत नाही, म्हणजे ज्याला जमेल तसं त्याने घर वाढवावं.

आणि लोकांनी वाढवलं. उतरती छपरं गेली, स्लॅब आले, कित्येक अंगणं बांधकामात गेली. ‘रहिवाशांनी वाट लावली’ असं म्हणणारे वास्तुविशारद मला भेटतात. मला ते पटत नाही. वाढायची मुभा नकाशातच होती ना? एवढ्याशा प्लॉटवर कुटुंब वाढलं की खोली कुठे काढणार? अंगणातच, किंवा वर. हवा खेळायची तीही तिथूनच. हा पेच कोरियांनी सोडवला नाही, रहिवाशांवर सोडला.