प्रयोग छावणीतला, सल्ला मात्र सगळ्यांना

हाताखालच्या माणसाकडून मोठी अपेक्षा ठेवा, तो ती पूर्ण करतो. मॅनेजमेंटच्या वर्गात हा सल्ला हमखास ऐकायला मिळतो. त्यामागचा एक गाजलेला पुरावा म्हणजे एडन आणि शनी यांचा १९८२ चा शोधनिबंध. शोधनिबंध कसा तपासायचा हे शिकायला तो फार चांगला आहे, म्हणून आज तोच घेऊ.

इस्रायली सैन्याच्या एका तळावर १०५ प्रशिक्षणार्थी होते. प्रशिक्षकांना आधीच सांगितलं गेलं की यातल्या काहींची क्षमता उच्च आहे, काहींची साधारण, आणि उरलेल्यांची माहिती पुरेशी नाही. प्रत्यक्षात कोणाला कुठला शिक्का, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. शेवटी ‘उच्च’ गटाने चाचण्यांत जास्त गुण मिळवले. प्रशिक्षकांबद्दलचं त्यांचं मतही जास्त चांगलं निघालं.

आधी जमेची बाजू. या विषयावर बहुतेक जण प्रश्नावली वाटतात: ‘तुमचे साहेब प्रोत्साहन देतात का?’ त्यातून संबंध दिसतो, कारण कळत नाही. काम चांगलं करणाऱ्यावर साहेबही खूश असतो, मग कशामुळे काय झालं? इथे शिक्का यादृच्छिक होता, त्यामुळे ही पळवाट बंद होते. डिझाईन म्हणून मला हा निबंध आवडतो.

अडचण निष्कर्ष उचलून दुसरीकडे नेताना येते. छावणीत प्रशिक्षक दिवसभर समोर असतो, शिकणारा नवखा असतो आणि मोजायला परीक्षा असते. पगार, बढती, कंत्राट यांतलं काहीच चित्रात नाही. २००० साली मॅकनॅट यांनी अशा अनेक प्रयोगांचं एकत्रित विश्लेषण केलं. परिणाम सैन्यात, पुरुषांत आणि सुरुवातीला ज्यांच्याकडून कमी अपेक्षा होती अशांत जास्त दिसला. म्हणजे सल्ला सगळ्यांना, पण भक्कम पुरावा ठरावीक लोकांचा.

दुसरी अडचण मला जास्त मोठी वाटते. प्रशिक्षकांना फसवलं होतं, म्हणून प्रयोग चालला. खऱ्या साहेबाला कोण फसवणार? त्याला तर ‘अपेक्षा ठेवा’ असं तोंडावर सांगावं लागतं. एडन यांनीच सहकाऱ्यांसोबत हे करून पाहिलं. वरिष्ठांसाठी कार्यशाळा घेतल्या, सात क्षेत्रीय प्रयोग केले आणि २००० साली छापलं की परिणाम फारसा दिसला नाही. आपल्याच गाजलेल्या कल्पनेची अशी परीक्षा घेऊन निकाल लपवला नाही, याबद्दल त्यांना मानायला हवं. पण हा दुसरा निबंध कोणी सांगत नाही.

आता आपल्याकडे बघा. पिंपळगावहून नाशिककडे निघालं की ओझर लागतं. तिथे मिग-२१ साठी १९६४ मध्ये सुरू झालेला एचएएलचा कारखाना आहे आणि हवाई दलाचा ११ बेस रिपेअर डेपोही आहे. दोन्हीकडे काम लढाऊ विमानांचं. कारखान्यात नागरी कामगार आणि त्यांची युनियन. डेपोत गणवेशातले आणि नागरी कर्मचारी एकत्र. फरक गणवेशामुळे पडतो की कामाच्या स्वरूपामुळे, हा प्रश्न छावणीतल्या प्रयोगाने सुटत नाही. डेपोसारख्या ठिकाणी तो निदान नीट विचारता तरी येतो. परवानगी मिळणं ही वेगळी गोष्ट!

मग निबंधातून हाती काय उरतं? माझ्या मते यंत्रणा उरते. ज्याच्याकडून अपेक्षा असते त्याला वरिष्ठ जास्त वेळ देतो, अवघड काम देतो, चूक कुठे झाली ते सांगतो. हे मनातलं नाही, वाटपातलं आहे, त्यामुळे मोजता येतं. आमच्याकडे सीझनला द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये हे उघड दिसतं. नवीन आलेल्या बाईला क्रेट उचलायला लावतात. कात्री हातात देऊन खराब मणी कसे काढायचे, हे दाखवायला कोणाला वेळ नसतो. महिन्याने सुपरवायझर म्हणतो, ‘तिला प्रतवारी जमत नाही.’ जमेल कशी? तिला टेबलापाशी उभं केलंच नव्हतं. आणि उद्या दाखवलं, तरी रोज तेवढाच राहिला तर तिचा उत्साह किती दिवस टिकेल, याबद्दल एडन यांचा प्रयोग काही सांगत नाही.

तुम्ही पीएचडीला येणार असाल तर हे तुम्हालाही लागू आहे. लॅबमध्ये पहिल्या महिन्यातच कोण ‘हुशार’ आणि कोण ‘बरा’ हे ठरलेलं असतं. गाईड निवडताना ते किती प्रेरणादायी बोलतात हे बघू नका. त्यांच्या सगळ्यात मागे पडलेल्या विद्यार्थ्याला गाठा आणि विचारा: सरांनी तुझा ड्राफ्ट शेवटचा कधी वाचला?