‘लागण’, ‘वसाहत’ आणि फुप्फुसातील बुरशी

बुरशीजन्य रोगांविषयीच्या मराठी लेखनात जी परिभाषा रूढ होत आहे, तिचा विचार केवळ शुद्धाशुद्धतेच्या दृष्टीने करून भागणार नाही. ॲस्परजिलस या बुरशीचे उदाहरण घ्यावे. तीर्थ शिंपडण्याच्या ख्रिस्ती उपकरणाशी तिच्या बीजाणुधारी शेंड्याचे साम्य पाहून इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिकेली याने १७२९ मध्ये तिला हे नाव दिले. तिच्या फ्युमिगेटस या जातीचे बीजाणू अवघे २ ते ३ मायक्रोमीटर व्यासाचे असून ते श्वासाबरोबर सर्वांच्याच फुप्फुसांत जातात. निरोगी फुप्फुस त्यांचा निकाल लावते. परंतु जेथे कफ साचून राहतो, किंवा क्षयाने पोकळी पाडून ठेवलेली असते, तेथे ते रुजतात आणि ऊतींत न शिरता तसेच राहतात.

या राहण्याला आपले लेखक सर्रास ‘लागण’ म्हणतात. (ज्या भाषेत उसाचीही लागण होते, तिच्यात हा शब्द रुजण्याच्या कल्पनेपासून फार दूर नाही, हे खरे.) तथापि या एका शब्दाखाली परस्परविरुद्ध अवस्था झाकल्या जातात. १९५२ मध्ये हिन्सन, मून आणि प्लमर यांनी ब्रिटनमध्ये वर्णिलेल्या विकारात बुरशी ऊतींवर आक्रमण करीत नाही. शरीराला तिचे वावडे असते, आणि त्या वावड्यातून उद्भवणारा दाह श्वासनलिका कायमच्या रुंद व दुबळ्या करून टाकतो. तेथे स्टेरॉइड हे औषध ठरते. उलट, प्रतिकारशक्ती खचलेल्या रुग्णाच्या ऊतींत बुरशी घुसते तेव्हा तेच स्टेरॉइड पुष्कळदा तिला वाट करून देणारे असते. दोहोंस ‘लागण’ म्हणणे हा निव्वळ शैलीचा दोष नव्हे.

‘वसाहत’ हा पर्याय इंग्रजीच्या वळणाने आलेला आहे. मराठीत वसाहत एक तर आखून बांधलेली असते, नाही तर साम्राज्याने बळकावलेली. कफातील बुरशी यांपैकी काहीच नव्हे. त्यापेक्षा ‘वस्ती’ हा शब्द सरस वाटतो. एस. टी.च्या वस्तीच्या गाडीप्रमाणे ती रात्रीपुरती असू शकते, अथवा पिढ्यान्‌पिढ्या टिकते. थुंकीत एकदा बुरशी सापडली म्हणजे रोग ठरला असे नाही, ही गोष्ट त्या शब्दात आपोआप येते.

२०२१ मधील ‘काळी बुरशी’ हे तर इंग्रजी वृत्तपत्री नावाचे शब्दशः रूपांतर. त्या रोगातील काळेपणा बुरशीचा नसून, रक्तवाहिन्या तुंबून मृत झालेल्या ऊतींचा असतो.

सर्वांत मोठी उणीव मात्र वेगळीच आहे. बऱ्या झालेल्या क्षयाच्या पोकळीत बुरशीचा गोळा तयार होतो व खोकल्यातून रक्त पडू लागते. या अवस्थेला बोलीत नावच नाही. म्हणून घरचे लोक ‘क्षय उलटला’ म्हणतात, आणि थुंकीत क्षयाचे जंतू नसतानाही रुग्ण पुन्हा क्षयाच्याच औषधांवर जाऊ शकतो.