बिल्ला, कोयता आणि गुलाबी पोशाख

मराठी समीक्षेने चित्रकथेकडे प्रामुख्याने बालवाङ्मयाचे एक उपांग म्हणून पाहिले आहे. त्यामुळे हयात नटालाच नायक करणाऱ्या चित्रकथेने उपस्थित केलेला प्रश्न दुर्लक्षित राहिला. व्यक्ती मिथकात रूपांतरित होते तेव्हा तिच्यातून नेमके काय वजा होते, हा तो प्रश्न होय.

१९८०च्या दशकात इंडिया बुक हाऊसने प्रकाशित केलेली ‘सुप्रीमो’ ही मालिका या संदर्भात महत्त्वाची ठरते. तिचा नायक साक्षात अमिताभ बच्चन. कल्पना पम्मी बक्षी यांची, संहितेसाठी गुलजारांचे मार्गदर्शन आणि चित्रे पुण्याच्या प्रताप मुळीक यांची. ‘अमर चित्र कथा’तील पुराणपुरुष रेखाटणारा हात येथे समकालीन नटाला आकार देतो. पौराणिक नायकाची भव्यता अशा रीतीने नटाकडे आयतीच चालत येते.

सुप्रीमोच्या सोबतीला ससाणा आहे, डॉल्फिन आहे आणि विजय व अँथनी हे दोन साहाय्यक आहेत. ही नावे अर्थातच नटाच्या गाजलेल्या भूमिकांची. परंतु ‘दीवार’मधील (१९७५) विजय हा गोदीत हमाली करणारा तरुण होता. ‘कुली’चा (१९८३) नायक रेल्वे स्थानकावरील हमाल होता. दोघांच्याही बिल्ल्यावर ७८६ हा क्रमांक होता. चित्रकथेने नाव घेतले आणि बिल्ला टाकून दिला. बिल्ल्याच्या जागी आला गुलाबी पोशाख. मिथक वस्तूमधून इतिहास काढून घेते, हे रोलाँ बार्थ यांचे प्रतिपादन येथे शब्दशः प्रत्ययास येते. कारण काढून घेतलेला इतिहास हा श्रमाचा इतिहास आहे.

बालवाचकांच्या करमणुकीकडून सामाजिक वास्तवाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे, असा आक्षेप यावर घेता येईल. परंतु आमची अपेक्षा वास्तववादाची नाही. मूळ चित्रपटही अद्भुतरम्यच होते, करमणूकप्रधानच होते. तरीही त्यांनी बिल्ला जपला. वगळणे ही या प्रकाराची अपरिहार्यता नव्हती, ती निवड होती.

या निवडीचा अर्थ बीड जिल्ह्यातून पाहताना अधिक स्पष्ट होतो. दसरा-दिवाळीनंतर येथील असंख्य कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या फडांवर जातात. तेथे नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात आणि एकट्या माणसाला ‘अर्धा कोयता’. हिशेबाच्या भाषेत माणूस हत्याराच्या नावाने ओळखला जातो. हमालाचा क्रमांक आणि तोडणी कामगाराचा कोयता ही एकाच व्यवहाराची दोन चिन्हे आहेत. पडद्यावरील नायकाचे सामर्थ्य असे, की माणसाला पुसून टाकणारे चिन्ह तो छातीवर मिरवून अभिमानाचे करीत असे. सुप्रीमोपाशी पुसून टाकणारे चिन्हच नाही. मग त्याच्या पराक्रमाने परत मिळवायचे तरी काय?

म्हणूनच ‘सुप्रीमो’चे अपयश चित्रांचे नाही, मुळीकांची रेषा समर्थ आहे. अपयश आहे ते नटाची लोकप्रियता त्याच्या देहात आणि चेहऱ्यात आहे असे मानण्यात. ती लोकप्रियता त्याने वाहिलेल्या ओझ्यात होती. ओझे उतरवून ठेवलेला नायक आकाशात सहज उंच जातो, पण फडावरच्या माणसाला तो आपला वाटण्याचे कारण मात्र खालीच राहते.