चार गुण, एक क्लिप आणि कूम्ब्सचे तीन खाने

पेटची तयारी करणारे बरेच जण विचारतात, ‘थिअरी लावली’ म्हणजे नेमकं काय केलं? आज आपल्या सोलापूर जिल्ह्यातलंच उदाहरण घेऊ.

जानेवारी २०२३, पुणे, महाराष्ट्र केसरी. माती विभागात आपलेच दोघे समोरासमोर : मोहोळचा सिकंदर शेख आणि मंगळवेढ्याकडचा महेंद्र गायकवाड. महेंद्रच्या बाहेरच्या टांगेला चार गुण मिळाले, सिकंदर हरला. मग काही सेकंदांची क्लिप राज्यभर फिरली आणि पंचांना धमकी आल्याची तक्रार थेट पोलिसांत गेली.

क्रीडा संवादावरचे प्रबंध अशा वेळी टिमथी कूम्ब्सकडे धावतात. त्याच्या २००७ च्या मांडणीत संकटाचे तीन गट आहेत : संस्था स्वतःच बळी, चूक अनवधानाने झालेली, किंवा टाळता येण्यासारखी. गट ठरला की उत्तर ठरतं : नाकारा, सौम्य करा, नाहीतर भरपाई करा. वाचायला एकदम नीटनेटकं. पण चार गुणांचा निर्णय कुठल्या खान्यात घालणार? आयोजकांच्या लेखी कदाचित कुठल्याच नाही, तालमीतल्या पोरांच्या लेखी तिसऱ्या. दोन्हीकडचे एकच क्लिप बघतायत!

माझा आक्षेप इथे आहे. लोकांना माफीनामा नको होता. उभ्या डावात पाठ थेट धोक्याच्या स्थितीत गेली तर चार गुण, नुसता ताबा मिळाला तर दोन. पाठ गेली की नाही, एवढंच त्यांना बघायचं होतं. म्हणजे प्रश्न पुराव्याचा, आणि थिअरी उत्तर देते प्रतिमेचं. कूम्ब्सवर अन्याय नको, आधी आवश्यक माहिती द्या असं तोही सांगतो. पण त्याची ‘माहिती’ म्हणजे मुख्यतः लोकांनी स्वतःला इजेपासून कसं वाचवावं ही. कारखान्यातल्या गळतीला ते चालतं. आखाड्याला नाही.

त्याचा एक मुद्दा मात्र इथे चपखल बसतो, तो म्हणजे संकटांचा इतिहास. फेब्रुवारी २०२५, अहिल्यानगर. गादी विभागात चितपटीच्या निर्णयावरून शिवराज राक्षेने पंचांना लाथ मारली. अंतिम लढतीत पृथ्वीराज मोहोळसमोरून महेंद्र गायकवाड कुस्ती सोडून निघून गेला. दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. २०२३ मध्ये ज्याला गुण मिळाले म्हणून ओरड झाली, तोच महेंद्र आता पंचांवर चिडलेला. लाथ चूकच, त्यात वाद नाही. पण नुसतं ‘खेळाडूंची बेशिस्त’ असं कोडिंग केलंत तर हा धागा तुमच्या डेटातून गळून पडेल.

आणखी एक चूक मी स्वतः सिनॉप्सिसमध्ये केली होती. पेटलेलीच प्रकरणं निवडली. मी मूळची फिजिक्सची, कंट्रोल नसलेला प्रयोग मला खरं तर खटकायला हवा होता. वादग्रस्त गुण तर कितीतरी कुस्त्यांत दिले जातात, त्यातले बरेच आखाड्यातच विरतात. तेही नमुन्यात हवेत. आता मी दोन्ही प्रकारच्या लढतींसाठी एकच गोष्ट मोजतेय : पंचांची शिट्टी आणि पहिलं सचित्र स्पष्टीकरण, यांच्यात किती मिनिटं गेली.