हेल्मेटातला मारवा

उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या गाजलेल्या एलपीच्या एका बाजूला मारवा आहे आणि दुसऱ्या बाजूला दरबारी. खाँसाहेबांचे वडील शाहमीर खाँ इंदूरच्या होळकर दरबारात सारंगी वाजवत. मुलगा याच शहरात वाढला, आणि पुढे त्याच्या गायकीला इंदूर घराणे हे नाव मिळाले. त्यामुळे इंदूरच्या रामबागेतल्या मराठी घरांना हा मारवा परका नाही. पूर्वी तो दिवाणखान्यात लागायचा. आता तो फोनमध्ये आहे, फोन ब्लूटूथने हेल्मेटला जोडलेला आहे, आणि पलासियाहून उज्जैन रोडकडे निघालेला एखादा रसिक तो गाडी चालवता चालवता ऐकू पाहतो. हेल्मेटसाठी कुठला हेडसेट घ्यावा, असे कुणी विचारले की मला म्हणूनच या मारव्याकडे वळावेसे वाटते. खोक्यावरची वैशिष्ट्ये जे सांगत नाहीत, ते हे गाणे सांगते.

आधी गाडी उभी असताना ऐकू. मारव्यात पंचम वर्ज्य, रिषभ कोमल, मध्यम तीव्र. वादी रिषभ, संवादी धैवत. या दोघांच्या ताणावर राग उभा असतो आणि षड्ज मुद्दाम टाळला जातो. तंबोऱ्यात तो सतत झंकारत असतो, गळ्यात मात्र येत नाही. ऐकणाऱ्याला घर समोर दिसते आणि गवई उंबरठ्यावरून परत फिरतो. सूर्य मावळतानाची जी हुरहुर मारव्याच्या नावावर जमा आहे, ती या टाळण्यातून येते. खाँसाहेब तर मंद्रातच रेंगाळतात. निषादावरून रिषभावर येतात, धैवतावर उतरतात, थांबतात. कितीतरी वेळाने षड्ज लागतो तेव्हा तो जिंकल्यासारखा लागत नाही, टेकल्यासारखा लागतो.

लय अतिविलंबित, ताल चौदा मात्रांचा झुमरा. एक आवर्तन पुरे व्हायला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ जातो. तबला साधा ठेका धरून असतो, कुठेही पुढे पुढे करत नाही. दोन स्वरवाक्यांमध्ये खाँसाहेब जी जागा मोकळी सोडतात, तिथे तंबोरा एकटा ऐकू येतो आणि मागचे वाक्य मनात मुरते. मंद्रातले स्वर, तंबोऱ्याचा षड्ज आणि मोकळ्या जागा, या तिन्हींवर हे गाणे उभे आहे. तिघेही हळू आवाजातले.

आता हेल्मेट घालून निघू. हेल्मेटमधला स्पीकर साधारण चार सेंटिमीटर व्यासाचा असतो, अस्तराच्या आत व्हेल्क्रोने चिकटवलेला. तो कानात बसत नाही, कानासमोर थोडा दूर राहतो. ही फट खालचे स्वर आधी गिळते, कारण छोट्या पडद्याने हलवलेली हवा बाजूने निसटून जाते. चौकात उभे असताना हे फारसे जाणवत नाही. तिथे हॉर्न असतात, पण हॉर्न वरच्या पट्टीतला. तो गाण्याला भोसकतो, बुडवत नाही. गाडी साठच्या पुढे गेली की खरा शत्रू येतो, तो म्हणजे वारा. हेल्मेटच्या हनुवटीखालच्या कडेला आणि व्हायझरच्या सांध्याला हवा फाटते आणि आत घोंघावते. ताशी शंभरच्या आसपास हा घोंघाट नव्वद डेसिबलच्या पलीकडे जातो. त्याची बहुतेक शक्ती खालच्या कंपनसंख्यांत असते. शिवाय आपल्या कानाची एक खोड आहे: जोरदार खालचा आवाज त्याच्या वरचे बारीक आवाजही झाकून टाकतो.

म्हणजे वारा नेमका तिथेच बसतो जिथे अमीर खाँ गातात. आधी तंबोरा जातो. मग मंद्रातला निषाद, धैवत. मग मोकळ्या जागा, कारण हेल्मेटात मोकळी जागा उरतच नाही, ती वाऱ्याने भरलेली असते. शिल्लक राहतात ते मध्य सप्तकातले जरा मोठ्याने लागलेले स्वर, आधाराशिवाय लोंबकळणारे. इथे एक विलक्षण गोष्ट घडू शकते. तंबोऱ्याचा षड्ज ऐकू येईनासा झाला आणि गवई तो गळ्यातूनही लावत नसला, की कान दुसराच आधार शोधतो. धैवत पुन्हा पुन्हा येतो, तर कान त्यालाच षड्ज धरतो. आता हिशेब करा. धैवत सा झाला तर निषाद होतो रे, कोमल रिषभ होतो शुद्ध गंधार, गंधार होतो पंचम आणि तीव्र मध्यम होतो धैवत. सा रे ग प ध. हा भूप! स्वर तेच, गळा तोच, पण मारव्याची सगळी तगमग पुसली जाऊन समोर एक शांत, समाधानी राग उभा. मूर्च्छनेचा हा नियम अभ्यासकांना ठाऊक असतो. वारा तो काही न शिकता लावतो.

रेकॉर्डमधल्या तंबोऱ्याचे मोल मला याआधी इतके नीट कळले नव्हते. मारवा स्वरांत नसतो, स्वरांच्या षड्जाशी असलेल्या नात्यात असतो. ते नाते सांभाळणारा वादक मैफलीत मागे बसतो, त्याच्याकडे कुणी बघत नाही, आणि सगळे गाणे त्याच्या चार तारांवर उभे असते.

हे सगळे परत मिळवण्यासाठी आवाज वाढवावा, हा पहिला मोह. तो घातक आहे. पंच्याऐंशी डेसिबल ही दिवसाचे आठ तास सहन करण्याची कामगारांसाठीची एक मान्य मर्यादा. त्या हिशेबात दर तीन डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो: ८८ ला चार तास, ९१ ला दोन. वाराच नव्वदच्या पुढे असताना त्याच्यावर गाणे चढवायचे म्हणजे कान गहाण टाकायचे. दुसरा मोह बास वाढवण्याचा. एवढ्याशा पडद्याला खर्ज झेपत नाही; तो थरथरतो आणि खाँसाहेबांचा घनगंभीर आवाज फाटका होतो. तिसरा मोह कानात घट्ट बसणारे इअरबड घालण्याचा. त्याने मारवा मिळेल, पण मागून येणारा ट्रक ऐकू येणार नाही.

मग हा हेडसेट हवा तरी कशाला? फोन आला की कळते. ब्लूटूथमध्ये गाण्याची वाट वेगळी आणि संभाषणाची वेगळी. फोन येताच गाणे थांबते आणि आवाजाची पट्टी आक्रसते. टेलिफोनच्या जुन्या प्रघाताप्रमाणे ती ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढीच असते. नव्या रुंद पट्टीत ती ७००० पर्यंत जाते. बोलणे समजण्यासाठी लागणारी व्यंजने, म्हणजे क, च, त, स यांची टोके, मुख्यतः हजाराच्या वर असतात. खालचा गोलावा गेला तरी शब्द कळतो. टेलिफोनवाल्यांनी जे काढून टाकले, तेच वाराही खातो. म्हणून ज्या हेल्मेटात मारव्याचा भूप होतो, त्याच हेल्मेटात ‘दोनशे मीटरवर उजवीकडे वळा’ स्वच्छ ऐकू येते. दोष यंत्राचा नाही. हेल्मेट ही बोलण्याची जागा आहे, ख्यालाची नव्हे.

हे एकदा मान्य केले की निवड सोपी होते. बाजारात हजार-दोन हजारांच्या बिननावी जोडांपासून कार्डो, सेना आणि आपल्या बंगळुरूच्या ब्लूआर्मरपर्यंत पुष्कळ माल आहे. जेल रोडवरच्या दुकानात शांतपणे उभे राहून गाणे लावून पाहू नका. तिथे सगळेच चांगले वाजतात. आधी हेल्मेट बघा: आयएस ४१५१ ची खूण असलेले, डोक्याला नेमके बसणारे, कानाशी स्पीकरसाठी खळगा असलेले. खळगा नसेल तर आतला थर्माकोल कोरू नका. अपघातात धक्का तोच झेलतो. स्पीकर कानाच्या छिद्राच्या बरोबर समोर आणा. बोटभर सरकला तरी आवाजात जो फरक पडतो, तो दहा हजार जास्त मोजूनही पडत नाही. बंद हेल्मेटला हनुवटीजवळ चिकटणारा वायरचा माइक, उघडझाप होणाऱ्या हेल्मेटला दांडीचा माइक, आणि दोन्हींवर स्पंजची टोपी. बटणे हातमोज्यातून चाचपता येतील एवढी मोठी. पाण्यापासून बचाव चांगला, कारण जानापाव आणि पातालपाणीला आपण पावसाळ्यातच जातो. मागच्या सीटवरच्या किंवा दुसऱ्या गाडीवरच्या माणसाशी बोलायचे असेल तरच इंटरकॉमचे पैसे मोजा.

इंदूरात हा विषय आता हौसेपुरता राहिलेला नाही. १ ऑगस्ट २०२५ ला जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने इथे विना हेल्मेट पेट्रोल बंद झाले होते आणि एरवी हँडलला लटकणारी हेल्मेटे डोक्यावर आली होती. त्यांच्यासोबत हेल्मेट आणि गाल यांच्यात फोन खुपसून बोलणेही दिसू लागले. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर चालवताना हातातले संपर्कसाधन वापरणे कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवण्यात मोडते, आणि ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमात सूट आहे ती फक्त रस्ता पाहण्यापुरती, तीही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. खुपसलेला फोन दुसऱ्याच धक्क्याला घसरतो आणि हात हँडल सोडून गालाकडे जातो. त्यापेक्षा साधा हेडसेट केव्हाही बरा, बोलणे दोन वाक्यांत आटपणार असेल तर.

अतिविलंबित ख्याल पूर्ण लक्ष मागतो आणि रस्ताही पूर्ण लक्ष मागतो. १३ फेब्रुवारी १९७४ ला कलकत्त्यात मोटार अपघातात अमीर खाँ गेले, हे त्यांच्या श्रोत्याने गाडीवर बसताना विसरू नये. हेडसेट घ्या तो शब्द स्पष्ट ऐकवणारा, आणि गाडी चालू असताना त्याच्याकडून रस्त्यापुरतेच बोलून घ्या. मारवा घरी पोहोचल्यावर, संध्याकाळी, चांगल्या स्पीकरवर लावा, तंबोरा ऐकू येईल एवढ्या शांततेत.