साचा सुटला पाहिजे

मंडळी, आज आपण कसबा पेठेत बसलोय, तर सुरुवात पायाखालूनच करू. सिव्हिल कोर्टाहून निघालेली मेट्रो मुठेच्या पात्राखालून इकडे येते आणि पुढे मंडई, स्वारगेट गाठते. २९ सप्टेंबर २०२४ ला हा टप्पा सुरू झाला. बोगदा खणणाऱ्या यंत्रांची नावं मुळा, मुठा, पवना होती, हे तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. पण यंत्राच्या मागोमाग जे काँक्रीटचे वक्र तुकडे बसवले जातात, त्यांच्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. आमची तक्रार तिथूनच सुरू होते.

वक्र काँक्रीट म्हटलं की आपल्याकडे लगेच रोबोची गोष्ट निघते. उदाहरण ठरलेलं: लंडनची एलिझाबेथ लाइन, जी मे २०२२ मध्ये सुरू झाली. तिथल्या स्थानकांत काचतंतू घातलेल्या काँक्रीटची पॅनेलं लावली आहेत. दोन्ही दिशांना वळणाऱ्या पॅनेलांसाठी मेणाचे साचे वापरले. मेणाचा ठोकळा ओतायचा, संगणकाच्या हुकमानं यंत्रानं तो कोरायचा, त्यावर पॅनेल घडवायचं, आणि मग मेण वितळवून पुढच्या साच्यासाठी परत घ्यायचं. कल्पना खरोखर सुंदर आहे. फोमचे साचे एकदा वापरून कचऱ्यात जातात, तो प्रकार इथे टळतो. जेम्स गार्डिनर या ऑस्ट्रेलियन वास्तुकाराची ही पद्धत. तिचं कौतुक आम्हीही करतो.

पण कौतुक करताना आपण एक प्रश्न विसरतो. प्रत्येक पॅनेल वेगळं हवंच का? पूर्वी साचा महाग होता म्हणून हा प्रश्न टेबलावर आपोआप यायचा. आता साचा स्वस्त होत चाललाय, आणि प्रश्न उठून गेलाय.

आता बोगद्याचं कडं बघा. चार-सहा तुकडे जोडून एक वर्तुळ होतं. शेवटचा, निमुळता तुकडा चावीसारखा आत सरकवतात. गंमत पुढेच आहे. अशा बोगद्यांत अनेकदा कड्याची रुंदी एका बाजूला किंचित जास्त, दुसऱ्या बाजूला किंचित कमी ठेवतात. कडी आलटून पालटून फिरवली तर बोगदा सरळ जातो. जाड बाजू एकाच अंगाला ठेवत गेलं तर वळतो, डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. म्हणजे साच्यांचा एकच संच आणि त्यातून हवी ती वाट! हे तुकडे पोलादी साच्यात ओततात, आणि साच्याच्या मापात मिलिमीटरच्या अंशाचाच फरक चालतो. का, तर कडेला रबरी पट्टी असते, ती दोन तुकड्यांमध्ये दाबली जाऊन पाणी अडवते. वर मुठा वाहतेय. तिथे सांधा चुकून चालत नाही.

पिनांच्या गादीचाही एक प्रकार आहे: लवचिक पत्र्याखाली शेकडो खिळे यंत्रानं वरखाली होतात आणि एकच साचा रोज नवा आकार घेतो. हलक्या वळणाला उत्तम, धारदार कोपऱ्याला निरुपयोगी. त्यावर जास्त वेळ घालवत नाही.

कारण आम्हाला इथल्या कुंभारवाड्याकडे यायचंय. गणपतीची मूर्ती साच्यातून काढणाऱ्याला विचारा, सोंड नि हात यांच्यामध्ये कडक साचा अडकतो. म्हणून तो साच्याचे भाग पाडतो, किंवा रबराचा साचा करून वर प्लास्टरचं कवच चढवतो. साचा सुटेल का, हा विचार तो मूळ मूर्ती घडवतानाच करतो, कारण मूर्ती आणि साचा एकाच कारखान्यात होतात. बोगद्याच्या तुकड्याचंही तसंच: कड्याचं गणित मांडणाऱ्याला साचा डोळ्यांसमोर ठेवावाच लागतो.

पॅनेलांच्या कामात ही साखळी तुटते. वास्तुकार पडद्यावर वळण काढतो, फाईल जाते, यंत्र निमूट कोरतं. अडचण कळते ती पॅनेल भिंतीवर चढवताना. शेजारच्या दोन पॅनेलांची फट वर आठ आणि खाली तेरा भरते, आणि मग शिडीवरचा माणूस पाचर घालून, घासून, मसाला भरून ती झाकतो. छायाचित्रात दिसते ती अचूकता अर्धी त्याची असते, आणि श्रेय जातं रोबोला.

आपल्याकडे अशी यंत्रं येतील, यावीतच. आमचं मागणं एवढंच, की नकाशा मंजूर होतो त्या बैठकीत साचेवाल्याला आणि पॅनेल बसवणाऱ्याला खुर्ची द्या. आजवर आम्ही ज्या बैठकांना गेलो, त्यांत हे दोघं दाराबाहेर उभे होते.